टाटा १६१३ चं मॉडेल बनवायचं आहे: किट घेऊ की हाताने बांधू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांनी २००० नंतर काही वर्षं टाटा एलपीटी १६१३ चालवला. तो ट्रक आता नाही, चार-पाच फोटो तेवढे आहेत. मुलाला त्याचं मॉडेल बनवायचं आहे. तो विचारतो की किट (सुट्या भागांचा तयार संच) आणावं की सनबोर्ड (फुगवलेल्या पीव्हीसीचा हलका फलक) कापून स्वतः बनवावं, कोणतं स्केल धरावं, आणि पावसाळ्यात सनबोर्डची केबिन करून पाहिली तर स्प्रेचा रंग पांढरट का पडला, काच धुरकट का झाली.

आधी माझं मत सांगतो. ट्रक हातानेच बांधा. १६१३ चं प्लास्टिक किट मला कधी कुठल्या दुकानात दिसलेलं नाही आणि ते येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण त्याआधी कारचं एक साधं किट जोडून घ्या. टामिया या जपानी कंपनीची १:२४ मधली, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याची, कुठलीही लहान कार चालेल. त्यात भाग इतके नीट बसतात की तुमचं लक्ष जुळवाजुळवीत न अडकता प्लास्टिक, चिकटवणं आणि रंग शिकण्याकडे राहतं. युरोपियन ट्रकचं किट पहिलंच घेऊ नका. भाग खूप, पैसे जास्त, आणि मधेच कंटाळून खोका माळ्यावर जातो.

किट चालू असतानाच ट्रकची माहिती गोळा करायला लागा. ही अर्धी लढाई आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. आपल्याला 'एक ट्रक' बनवायचा नाही, 'तो' ट्रक बनवायचा आहे. आपल्याकडे कंपनीतून नुसती चासी आणि पुढची काऊल (केबिनचा पुढचा पत्र्याचा भाग) घेऊन केबिन आणि हौदा (माल ठेवायचा मागचा भाग) बाहेर बांधून घ्यायची पद्धत होती. पंजाबात सरहिंदला बांधलेली केबिन वेगळी, तमिळनाडूत नामक्कलकडची वेगळी, आपल्याकडच्या मिस्त्रीने बांधलेली आणखी वेगळी. आता कारखान्यातूनच तयार केबिन येते, त्यामुळे त्या जुन्या केबिनी रस्त्यावरून झपाट्याने कमी होत आहेत. तुमचं मॉडेल ही त्या एका गाडीची नोंद होणार आहे, म्हणून माहिती नीट हवी.

घरात जुनं आरसी बुक असेल तर पहिल्यांदा ते काढा. त्यात व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) मिलिमीटरमध्ये असतो, रंगही असतो. मग वडिलांसोबत बसा, पण 'ट्रक कसा होता' असं मोघम विचारू नका. आरसा कुठल्या दांडीवर होता, स्टेपनी कुठे टांगली होती, टूल बॉक्स कुठल्या बाजूला, टपावर कॅरिअर होतं का, फाळक्याला (हौद्याच्या मागच्या झडपेला) साखळी होती की कडी, डॅशबोर्डवर देव कोणता होता, पडदे होते का, असं एकेक विचारा. ज्याने वर्षानुवर्षं ती गाडी चालवली त्याच्या हाताला हे सगळं पाठ असतं. फोटोत न दिसणारी बाजू तुम्हाला त्यांच्याकडूनच मिळेल.

आता स्केल. माझं उत्तर १:२४. मोठ्या मॉडेलांच्या दुनियेत दोन परंपरा आहेत. अमेरिकेत १:२५ चालतं, कारण तिथे किटच्या आधी कार विक्रेत्यांकडे मिळणाऱ्या जाहिरातीच्या छोट्या गाड्या त्या मापात होत्या आणि एएमटीसारख्या कंपन्यांनी पुढे तेच माप किटमध्ये ठेवलं. युरोपियन ट्रक, म्हणजे इटालेरीचे वगैरे, १:२४ मध्ये येतात. जपानी कारही बहुतेक त्याच मापात. टामियाचे रिमोटवर चालणारे ट्रक १:१४ चे असतात, पण तेवढं मोठं मॉडेल कपाटात मावत नाही. १:४३ किंवा १:६४ मध्ये यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू आकाराचे बोल्ट) दाखवणं जवळपास अशक्य. १:२४ मध्ये तुमचा सहाचाकी ट्रक साधारण फूटभर लांब होईल. हातात धरता येतो, आणि तपशिलाला जागा राहते.

१:२४ चा आणखी एक फायदा आपल्याकडच्या बॉडी बिल्डरांमुळे आहे. ते लोक फूट-इंचात बोलतात: 'सतरा फुटी हौदा', 'तीन फुटी फळा'. १:२४ मध्ये एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. सतरा फुटी हौदा २१६ मिलिमीटर होतो. एक इंच म्हणजे जवळपास एक मिलिमीटर, असंही लोक धरतात. लहान वस्तूंना, म्हणजे टेललाइटचं घर किंवा दाराची मूठ, हे चालून जातं. लांब मापाला मात्र चालत नाही: सतरा फुटांचे २०४ इंच, म्हणून २०४ मिलिमीटर कापलंत तर हौदा १२ मिलिमीटरने आखूड होतो, म्हणजे खऱ्या ट्रकवर जवळपास एक फूट. मोठी मापं नेहमी मिलिमीटरमध्ये लिहा आणि २४ ने भागा.

१६१३ चे आकडे असे धरा. नावातला १६ म्हणजे भारासकट एकूण वजन साधारण १६ टन आणि १३ म्हणजे अश्वशक्ती १३० च्या आसपास. व्हीलबेसवरून त्याला ४२ किंवा ४८ म्हणतात. ४२ म्हणजे ४२२५ मिलिमीटर, १:२४ मध्ये १७६. ४८ म्हणजे ४८३०, मॉडेलवर २०१. टायर १०.००-२० चा, त्याचा व्यास १०५० मिलिमीटरच्या थोडा वर, म्हणून मॉडेलचं चाक ४४ मिलिमीटर. हे दोन आकडे हातात आले की फोटोतून मापं काढता येतात. बाजूने सरळ काढलेला फोटो घ्या, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर पट्टीने मोजा, ४२२५ ला (ट्रक ४८ असेल तर ४८३० ला) त्याने भागा. त्या फोटोतल्या प्रत्येक मिलिमीटरला किती खरे मिलिमीटर, ते कळलं. फोटो तिरका असेल तर हे गणित फसतं, तेव्हा तो आकारासाठी वापरा, मापासाठी नको. राहिलेलं माप घेण्यासाठी टेप घेऊन गॅरेजमध्ये किंवा बॉडी बांधतात तिथे जा. उभ्या असलेल्या १६१३ चं माप घेऊ का, असं विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट चार गोष्टी जास्तीच्या सांगतात.

बांधायला घ्याल तेव्हा खरा ट्रक ज्या क्रमाने बांधतात त्याच क्रमाने बांधा: आधी चासी, मग चाकं, मग केबिन, शेवटी हौदा. नवीन मुलं केबिनपासून सुरुवात करतात, कारण ती दिसायला छान. मग चासी तिच्यात बसवताना उंची चुकते आणि ट्रक एक तर वर उचललेला दिसतो, नाहीतर बसलेला.

चासीसाठी सनबोर्ड वापरू नका. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी, आतून सच्छिद्र. केबिनच्या आतल्या सांगाड्याला, हौद्याच्या तळाला उत्तम आणि स्वस्त. पण चासीचा चॅनल पातळ आणि धारदार दिसायला हवा. तिथे स्टायरीन (किटमध्ये असतं तेच प्लास्टिक) शीट घ्या, अर्ध्या मिलिमीटरची आणि एक मिलिमीटरची. जाहिरातींचे फलक बनवणाऱ्यांकडे 'हिप्स शीट' म्हणून विचारा, कापून उरलेले तुकडेही मिळतात. एक उभी पट्टी, तिच्या वर-खाली दोन अरुंद पट्ट्या, की चॅनल तयार. खऱ्या चासीचा पत्रा ८ मिलिमीटर असेल तर मॉडेलवर ०.३३ येतो, आपण अर्धा मिलिमीटर वापरतो आणि दिसणारी कड वॉटर पेपरने आतून घासून पातळ करतो. नजर कडेची जाडी बघते, आतली नाही. मडगार्डलाही हीच युक्ती.

दोन्ही चॅनल एकमेकांना समांतर बसवणं हे सगळ्यात नाजूक काम. जाड काचेच्या तुकड्यावर आलेख कागद चिकटवा, त्यावर चॅनल उलटे ठेवा, मधे सारख्या मापाचे दोन ठोकळे धरा, गुण्या लावून तपासा आणि मगच आडवे क्रॉस मेंबर चिकटवा. हे सुकेपर्यंत हलवायचं नाही.

मग पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. इथे जरा रेंगाळा, कारण बाजूने बघणाऱ्याची नजर चाकांवरून थेट पाट्यांवर जाते. अर्धा मिलिमीटरच्या स्टायरीनच्या अडीच-तीन मिलिमीटर रुंद पट्ट्या कापा, सगळ्यात लांब पट्टी आधी, मग प्रत्येक थोडी आखूड. एका गोल डब्यावर त्या एकत्र बांधून गरम पाण्यात बुडवा आणि लगेच थंड पाण्यात घाला, बाक कायम राहतो. पाणी उकळतं नको, नाहीतर पट्ट्या वेड्यावाकड्या होतात. मग एकेक पट्टी चिकटवत जा आणि टोकं नखाएवढी तिरकी घासा, कारण खऱ्या पाट्याची टोकं अशीच असतात. मागच्या पाट्यावर वरून आणखी एक छोटा गठ्ठा असतो, तो मदतनीस पाटा विसरू नका. ट्रक रिकामा दाखवायचा असेल तर तो मोकळा, भरलेला असेल तर त्याची टोकं चासीवरच्या आधारांना टेकलेली. यू-बोल्टसाठी बारीक तांब्याची तार, नटांसाठी षटकोनी रॉडच्या पातळ चकत्या. २४ मिलिमीटरचा नट मॉडेलवर एक मिलिमीटरचा होतो. चिमट्याने उचलून, टोकदार काडीने द्रावणाचा एक थेंब लावून बसवायचा. कंटाळवाणं वाटतं, पण रंग चढल्यावर हेच नट मॉडेलला वजन देतात.

चाकांसाठी तीन वाटा आहेत. खेळण्यातल्या ट्रकची चाकं काढून वापरायची, पण मग ४४ मिलिमीटरचा व्यास तपासून घ्या, खेळणी कुठल्याच एका स्केलची नसतात. दुसरी, एक चाक नीट बनवून त्याचा सिलिकॉनचा साचा करायचा आणि रेझिनमध्ये सात काढायची. मागे चार, पुढे दोन, एक स्टेपनी. तिसरी वाट थ्रीडी प्रिंटची. रेझिन प्रिंटरवर टायरच्या नक्ष्या फार सुंदर येतात, आणि शहरांत फाइल दिली तर प्रिंट करून देणारे आहेत. मी स्वतः साचा पसंत करतो, कारण सातही चाकं अगदी सारखी निघतात. टायरला कधीही शुद्ध काळा रंग देऊ नका. गडद करडा, मॅट.

केबिनचा सांगाडा सनबोर्डचा करा आणि त्यावर अर्धा मिलिमीटरची स्टायरीन चढवा. असं केलं की पुढे रंगाचा त्रास निम्मा होतो, कारण सनबोर्डच्या कापलेल्या कडांची छिद्रं झाकली जातात. जिथे कड उघडीच राहते तिथे लांबी (पुट्टी) भरा, पूर्ण सुकू द्या, आठशेच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासा, प्राइमर मारा, आणि प्राइमरमध्ये जे खड्डे दिसतील ते पुन्हा भरा. हौद्याच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या लोक वापरतात, पण त्या लाकडाच्या रेषा १:२४ ला फार मोठ्या दिसतात. त्यापेक्षा स्टायरीनवर बारीक करवतीच्या पात्याने रेघा ओढा आणि तपकिरी धुवणी (खूप पातळ केलेला रंग) द्या. फळीची जाडी एक ते दीड मिलिमीटर पुरे.

चिकटवण्याचा आणि काचेचा प्रश्न एकत्रच सोडवू. स्टायरीनला स्टायरीन जोडताना पातळ द्रावण वापरा. टामियाचं एक्स्ट्रा थिन मिळतं, तेच बरं. ते प्लास्टिक विरघळवून जोडतं, त्यामुळे सांधा एकजीव होतो. फलकवाले अ‍ॅक्रिलिकला क्लोरोफॉर्म वापरतात, पण बंद खोलीत ते हुंगत बसणं धोक्याचं आहे. कुठलंही द्रावण असो, खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने ठेवा. सनबोर्डला स्टायरीन जोडताना फेव्हीक्विक ठीक, मात्र काच बसवायला ते कधीही नको. फेव्हीक्विक सुकताना त्याची वाफ उडते, ती काचेवर बसून पांढरी पडते, आणि हवेत ओल असली की हा त्रास जास्तच होतो. तुमची काच धुरकटली ती यानेच. काचेला साधा फेव्हिकॉल लावा. लावताना पांढरा दिसतो, सुकला की पारदर्शक होतो. काच बसवायची ती सगळ्यात शेवटी, आणि त्याआधी केबिनमधलं बाकीचं फेव्हीक्विकचं काम एक रात्र उघडं सुकू द्या.

रंग पांढरट पडण्याचं कारणही हवेतच आहे. स्प्रेमधलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. पावसाळ्यात हवा आधीच ओलीने भरलेली, ती ओल या थंड पृष्ठभागावर धरते आणि सुकणाऱ्या थराच्या आत अडकते. म्हणून दुधाळ झाक येते. कोकणात जुलैमध्ये लॅकरचा स्प्रे मारू नयेच, देशावर उघडीप मिळाली तर दुपारी मारावा. थिनरमध्ये थोडं रिटार्डर घातलं तर ते सावकाश उडतं आणि ओल धरायला वाव राहत नाही. तुमची आधीची केबिन वाया गेलेली नाही: कोरड्या दिवशी तिच्यावर रिटार्डर मिसळलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा मारून बघा, वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेली ओल निघून जाते आणि बहुतेक वेळा रंग परततो. रंगवलेला भाग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत सुकवा, धूळही बसत नाही.

रंगाबाबत दोन गोष्टी पक्क्या करा. गाड्यांचा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) स्प्रे थेट उघड्या स्टायरीनवर मारला तर तो प्लास्टिक खातो आणि बारीक भेगा येतात. आधी प्राइमरचे दोन-तीन धुक्यासारखे थर, प्रत्येक सुकू देऊन. आणि लॅकरवर इनॅमल चालतं, ओल्या इनॅमलवर लॅकर मारलं की सुरकुत्या पडतात. एअरब्रश असेल तर ०.३ चं नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरे.

तुमचा ट्रक नॅशनल परमिटचा असेल तर रंग शोधत बसू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशा ट्रकसाठी सुक्या पानासारखा तपकिरी रंग आणि पांढरे पट्टे ठरवलेले होते, म्हणून महामार्गावरचे इतके ट्रक तपकिरी दिसायचे. केबिनवरची नक्षी मात्र हाताने ब्रशने करा. खरा ट्रकही पेंटरने इनॅमल आणि ब्रशनेच रंगवलेला असतो. ब्रशची किंचित दिसणारी रेघ इथे खोट वाटत नाही, खरी वाटते. लांब केसांचा लायनर ब्रश घ्या आणि हात टेबलाला टेकवून ओढा. बारीक अक्षरांसाठी वॉटरस्लाइड डिकल पेपरवर (पाण्यात भिजवून छाप मॉडेलवर सरकवायचा कागद) प्रिंट काढता येतो. प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डिकल पेपरवर बाजूचा तपकिरी रंग छापा आणि अक्षरं कोरी सोडा. मागचं 'हॉर्न ओके प्लीज' बेधडक लिहा. महाराष्ट्रात परिवहन खात्याने त्यावर बंदी आणली ती २०१५ मध्ये, तुमचा ट्रक त्याआधीचा. नंबरप्लेट पिवळी, काळी अक्षरं. त्या काळात हाताने रंगवलेलीच असायची.

जपानमध्ये सजवलेल्या ट्रकची, ज्यांना तिथे देकोतोरा म्हणतात, आओशिमा कंपनी १:३२ मध्ये किट काढत आली आहे. दिवे, चित्रं, क्रोमचे पत्रे, सगळं त्या खोक्यात मिळतं. आपल्याकडच्या ट्रकची सजावट त्यापेक्षा तसूभरही कमी नाही. ती हाताने करावी लागते एवढाच फरक, आणि माझ्या मते त्यामुळेच आपल्या मॉडेलमध्ये जास्त जीव येतो.

शेवटी धूळ आणि गंज. इथे नवीन माणूस हमखास अति करतो. गंज कुठे येतो ते आधी ठरवा: पाणी साचतं तिथे, रंग घासला जातो तिथे. फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याची आतली बाजू, बंपरचं टोक, सायलेन्सर. दाराच्या मधोमध गंज येत नाही, तिथे हाताच्या तेलाने रंग काळपट पडतो. चाकाच्या मध्यावरून ग्रीसचा गडद ओघळ, डिझेल टाकीच्या झाकणाखाली ओला चकचकीत डाग. धुळीचा रंग ट्रक कुठे फिरला त्यावर. कोकणातून जांभा आणत असेल तर तांबडी, ऊसतोडीच्या शेतात जात असेल तर मडगार्डच्या आत काळा चिखल सुकून करडा झालेला. वडिलांना विचारा माल कोणता असायचा, त्यावरून हौद्याचा तळ ठरेल. सिमेंट असेल तर फटींत फिकट करडी पूड, कांदा असेल तर गोणीचे धागे आणि पातळ सालं. रंगीत खडूंची पूड करून मऊ ब्रशने लावा, वरून मॅट लॅकरचा हलका फवारा द्या. एक थर कमी पडला तर पुन्हा देता येतो, जास्त झालेला काढता येत नाही.

ठेवण्याबाबत एक सूचना, जी किटमध्येही कुणी लिहीत नाही. मऊ व्हिनाइलचे टायर वापरलेत तर त्यातलं तेलकट द्रव्य वर्षभरात बाहेर येतं आणि जिथे ते स्टायरीनच्या रिमला किंवा प्लास्टिकच्या बैठकीला टेकलेले असतात ते प्लास्टिक विरघळायला लागतं. रिमला आतून अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी लावा आणि ट्रक लाकडी फळीवर ठेवा. रेझिनच्या चाकांना हा त्रास नाही. वरून अ‍ॅक्रिलिकची पेटी करा, तळाशी हवा खेळायला दोन बारीक भोकं ठेवा, आणि पेटी उन्हाच्या खिडकीत नको, सनबोर्ड उष्णतेने वाकतो.